अपयश, पश्चात्ताप आणि नवजीवन : ख्रिस्ती परंपरेचा अनुभव

मनुष्याच्या वाट्याला येणाऱ्या अपयशांचे स्थूलमानाने दोन प्रकार करता येतात. पाऊस न पडल्यामुळे पीक बुडते, बाजार कोसळल्यामुळे धंदा बसतो, जागा थोड्या व उमेदवार अनेक असल्यामुळे नोकरी मिळत नाही. हे अपयश क्लेशकारक असते खरे. परंतु त्याचे कारण बरेचसे आपल्याबाहेर असते, आणि म्हणून ते सोसताना मनुष्याचा स्वतःवरील विश्वास सहसा समूळ ढळत नाही. दुसऱ्या प्रकारचे अपयश निराळे. तेथे मनुष्य स्वतःच्याच कसोटीला उतरत नाही. दिलेला शब्द तो मोडतो. ऐन प्रसंगी कच खातो. व्यसनापायी घरादाराची वाताहत करतो. ज्याने विश्वास टाकला त्याचाच घात करतो. अशा वेळी दोष द्यावयास दुसरे कोणी उरत नाही. आपण स्वतःला जसे समजत होतो तसे आपण नाही, ही जाणीव मनुष्याला आतून पोखरू लागते.

या दुसऱ्या प्रकारच्या अपयशातून मनुष्य पुन्हा उभा राहू शकतो काय, आणि राहत असेल तर कशाच्या बळावर, हा प्रश्न सर्वच धर्मपरंपरांनी हाताळलेला आहे. वाल्याचा वाल्मीकी झाल्याची कथा आपल्याकडे लहान मुलांनाही ठाऊक असते. ख्रिस्ती धर्माने या प्रश्नाचे जे उत्तर दिले ते काय आहे, ते कसे घडत गेले आणि त्याच्या मर्यादा कोणत्या, हे समजून घेण्याचा प्रयत्न प्रस्तुत लेखात केला आहे. हे उत्तर समजण्यासाठी वाचक ख्रिस्ती असलाच पाहिजे असे नाही. मनुष्यस्वभावाविषयीचे एक दीर्घकालीन निरीक्षण म्हणूनही त्याचे मोल आहे.

काही शब्दांचा उलगडा

प्रथम शब्दांचा विचार करणे सोयीचे होईल. ‘नव्या करारा’ची मूळ भाषा ग्रीक. तीत पापासाठी वापरलेला ‘हामार्तिया’ हा शब्द नेम चुकणे, लक्ष्य हुकणे या अर्थाच्या क्रियापदापासून बनलेला आहे. पश्चात्तापासाठी ‘मेटानोइया’ असा शब्द येतो. त्याचा अर्थ मन पालटणे, विचारांची दिशा बदलणे. त्यामागे हिब्रू भाषेतील ‘शूव’ या धातूची छाया आहे आणि त्या धातूचा अर्थ तर सरळ सरळ ‘परत फिरणे’ असा आहे.

मराठीत रूढ झालेला ‘पश्चात्ताप’ हा शब्द अर्थपूर्ण असला तरी त्याचा भर तापावर, म्हणजे मागाहून होणाऱ्या जळजळीवर आहे. मूळ शब्दांचा भर वळण्यावर आहे. आपल्याकडे ‘त्याला उपरती झाली’ असे आपण म्हणतो, तेव्हा त्या मूळ अर्थाच्या काहीसे जवळ जातो. हा भेद केवळ शाब्दिक नाही. दुःख होणे आणि परत फिरणे या दोन निरनिराळ्या गोष्टी आहेत, आणि पहिली घडली म्हणजे दुसरी घडलीच असे होत नाही, हे ख्रिस्ती परंपरेने आपल्या आरंभीच्याच एका कथेत दाखवून दिले आहे.

पेत्र आणि यहूदा

ही कथा येशूच्या दोन शिष्यांची आहे. शिमोन हा गालील प्रांतातील मासेमारी करणारा गृहस्थ. येशूने त्याला ‘पेत्र’ म्हणजे खडक असे नाव दिले. स्वभावाने तो उतावळा, बोलका आणि निष्ठेविषयी फार खात्री बाळगणारा. अखेरच्या रात्री, बाकीच्यांनी साथ सोडली तरी मी सोडणार नाही, असे त्याने सर्वांदेखत सांगितले. त्यानंतर काही तासांतच येशूला अटक झाली. पेत्र काही अंतर राखून मागोमाग गेला आणि प्रमुख याजकाच्या वाड्यात, चौकात पेटविलेल्या कोळशांच्या विस्तवाशी शेकत बसलेल्या नोकरांमध्ये मिसळला. तेथे एका दासीने त्याला ओळखले. या मनुष्याला मी ओळखत नाही, असे त्याने एकदा नव्हे, तीनदा सांगितले. कोंबडा आरवला, तेव्हा आपण काय केले हे त्याच्या ध्यानात आले. बाहेर जाऊन तो अत्यंत दुःखाने रडला.

चारही शुभवर्तमानांनी हा प्रसंग नोंदविला आहे, ही गोष्ट लक्षणीय आहे. ही शुभवर्तमाने लिहिली गेली तेव्हा पेत्र हा ख्रिस्ती मंडळीचा अग्रणी म्हणून सर्वमान्य झालेला होता. एखाद्या पंथाने आपल्या पहिल्या नेत्याची अशी नामुष्की झाकून ठेवली असती तर त्यात नवल नव्हते. किंबहुना मार्काचे शुभवर्तमान पेत्राच्याच आठवणींवर आधारलेले आहे, अशी प्राचीन परंपरा आहे. ती खरी मानल्यास स्वतःच्या अपयशाची ही हकीकत पेत्रानेच आवर्जून सांगितली असली पाहिजे.

त्याच रात्री दुसऱ्या एका शिष्यानेही घात केला. यहूदा इस्कार्योताने तीस रुप्यांच्या बदल्यात आपल्या गुरूला पकडून दिले. त्यालाही दुःख झाले, हे मत्तयाने स्पष्ट नोंदविले आहे. मात्र तेथे त्याने ‘मेटानोइया’शी संबंधित शब्द न वापरता खंत वाटणे या अर्थाचे वेगळे क्रियापद वापरले आहे. यहूदा याजकांकडे परत गेला, आपण निर्दोष मनुष्याचा घात केल्याची कबुली त्याने दिली आणि पैसेही परत केले. ज्यांनी त्याचा उपयोग करून घेतला होता त्यांनी मात्र, त्याचे आम्हाला काय, अशा अर्थाचे उत्तर देऊन त्याची बोळवण केली. यहूदाने नाणी मंदिरात फेकली आणि गळफास लावून घेतला.

दोघांच्याही डोळ्यांत पाणी आले असेल. दोघांनाही आपली चूक कळली होती. मग अंतर कोठे पडले? यहूदाची कबुली ऐकून घेणारे कोणी नव्हते. ज्यांच्याकडे तो गेला ते त्याच्या अपराधाचे भागीदार होते. पेत्र मात्र आपल्या सोबत्यांमध्ये परत आला. शरमिंदा होऊन का होईना, तो त्यांच्यात राहिला. यातून जे सूत्र निघते ते पुढील सर्व विवेचनाचा पाया म्हणता येईल : मनुष्य आपल्या पतनातून एकट्याने वर येत नाही, त्याची कबुली ऐकून घेऊन त्याला पुन्हा आपलासा करणारे कोणीतरी असावे लागते. ख्रिस्ती श्रद्धेनुसार तो ऐकणारा प्रथम ईश्वर असतो. परंतु ईश्वराच्या वतीने ऐकणारी माणसेही लागतात.

विस्तवाशेजारचे तीन प्रश्न

योहानाच्या शुभवर्तमानाच्या शेवटच्या अध्यायात या कथेचा उत्तरार्ध आहे. पेत्र व इतर काही शिष्य गालीलच्या सरोवरावर रात्रभर जाळी टाकतात. हाती काही लागत नाही. पहाटे पुनरुत्थित येशू काठावर उभा असतो. त्याने कोळशांचा विस्तव पेटवून त्यावर मासळी ठेवलेली असते. ‘कोळशांचा विस्तव’ या अर्थाचा ‘अँथ्राकिया’ हा ग्रीक शब्द संपूर्ण नव्या करारात दोनच ठिकाणी येतो : पेत्राने नाकारले त्या वाड्यात आणि येथे. लेखकाने तो योगायोगाने वापरला असेल असे वाटत नाही. ज्या ठिकाणी जखम झाली त्याच ठिकाणी पेत्राला पुन्हा आणून बसविले आहे.

न्याहारी झाल्यावर येशू त्याला तीनदा एकच प्रश्न विचारतो : तुझे माझ्यावर प्रेम आहे काय? हाक मारताना तो ‘पेत्र’ हे गौरवाचे नाव वापरत नाही. शिमोन या जुन्या नावाने हाक मारतो. तिसऱ्या वेळी पेत्राला वाईट वाटते, कारण तीन या आकड्याचा अर्थ त्याला पुरता समजलेला असतो. प्रत्येक उत्तरानंतर येशू त्याच्यावर एक काम सोपवितो. आपली मेंढरे सांभाळण्याचे, म्हणजे अनुयायांची काळजी वाहण्याचे ते काम आहे.

या प्रसंगातील तीन गोष्टी ध्यानात घेण्यासारख्या आहेत. येशू झाले गेले विसरून जा असे म्हणत नाही. तीन नकारांची आठवण तीन प्रश्नांनी जागी केली जाते. तथापि त्या रात्री असे का वागलास, असा जाबही तो विचारीत नाही. आणि तिसरे म्हणजे, क्षमा केवळ शब्दांनी संपत नाही. तिच्यामागोमाग जबाबदारी येते. ज्याने विश्वास गमावला त्याच्यावर पुन्हा विश्वास टाकणे, हेच येथे क्षमेचे दृश्य रूप आहे. लूकाने तर असेही नोंदविले आहे की, पेत्र पडणार हे आधीच ओळखून, परत फिरल्यावर तू आपल्या बंधूंना स्थिर कर, असे येशूने त्याला सांगून ठेवले होते. पडून उठलेल्या मनुष्याचा अनुभव इतरांच्या उपयोगी पडावा, ही अपेक्षा त्यात आहे.

यानंतर पेत्र निर्दोष झाला काय? तसे नाही. अंत्युखिया येथे, टीकेच्या भीतीने, यहुदीतर ख्रिस्तीजनांबरोबर जेवणे त्याने थांबविले आणि त्याबद्दल पौलाने त्याला तोंडावर दोष दिला, असे पौलाच्याच पत्रात आहे. जुना स्वभाव पुन्हा डोके वर काढतो, हे या परंपरेने लपविलेले नाही.

कार्थेजमधील पेचप्रसंग

एका व्यक्तीला क्षमा करणे निराळे आणि एका समाजाने आपल्या शेकडो सभासदांच्या पतनाला सामोरे जाणे निराळे. तिसऱ्या शतकाच्या मध्यास हा प्रसंग प्रत्यक्षात ओढवला. रोमन सम्राट डेसियस याने इ. स. २५० च्या सुमारास असा हुकूम काढला की, साम्राज्यातील रहिवाशांनी अधिकाऱ्यांसमक्ष देवतांना बळी अर्पण करावा आणि तसे प्रमाणपत्र घ्यावे. अशी चाळीसहून अधिक प्रमाणपत्रे इजिप्तच्या वाळूत पपायरसावर लिहिलेली सापडली आहेत. बळी देणे म्हणजे ख्रिस्ती मनुष्याच्या दृष्टीने श्रद्धेचा त्याग होता. काहींनी नकार देऊन तुरुंगवास व मृत्यू पत्करला. पुष्कळांनी मात्र भीतीने बळी दिला. काहींनी बळी न देता अधिकाऱ्यांना पैसे चारून नुसते प्रमाणपत्र मिळविले.

छळाची लाट ओसरल्यावर हे लोक मंडळीच्या दाराशी परत आले. त्यांचे काय करावयाचे? उत्तर आफ्रिकेतील कार्थेजचा बिशप सिप्रियन याच्यापुढे हा प्रश्न अत्यंत बिकट स्वरूपात उभा राहिला. त्याची स्वतःची स्थितीही अवघड होती. छळाच्या काळात तो शहर सोडून अज्ञातस्थळी राहिला होता आणि त्याबद्दल त्याच्यावर टीका झाली होती. एका बाजूला, ज्यांनी तुरुंगात हाल सोसले त्यांच्या शिफारशीची चिठ्ठी आणली की लगेच प्रवेश द्यावा, असे म्हणणारे होते. दुसऱ्या टोकाला रोममध्ये नोव्हेशियन नावाचा विद्वान धर्मगुरू होता. ज्यांनी श्रद्धा त्यागली त्यांना मंडळीत पुन्हा कधीही घेऊ नये, अशी त्याची भूमिका होती.

इ. स. २५१ मध्ये कार्थेज येथे भरलेल्या बिशपांच्या परिषदेने मधला मार्ग स्वीकारला. प्रत्येकाचा विचार स्वतंत्रपणे करावयाचा. केवळ प्रमाणपत्र विकत घेणाऱ्यास आणि प्रत्यक्ष बळी देणाऱ्यास एकाच मापाने मोजावयाचे नाही. प्रायश्चित्ताचा काळ ठरवून द्यावयाचा. पण दार कायमचे बंद करावयाचे नाही. बळी देणाऱ्यांना आधी मृत्युशय्येवरच पूर्ण क्षमेचे आश्वासन होते. नव्या छळाची चिन्हे दिसू लागल्यावर मात्र, लढाईपूर्वी सैनिकाला शस्त्र द्यावे तसे, प्रायश्चित्त करीत असलेल्या सर्वांना पुन्हा सामावून घेण्यात आले. सिप्रियनचा स्वतःचा शिरच्छेद २५८ साली झाला. त्या वेळी तो पळून गेला नाही. नोव्हेशियनच्या अनुयायांचा वेगळा पंथ पुढे काही शतके टिकला. परंतु ख्रिस्ती मंडळीचा मुख्य प्रवाह कार्थेजच्या निर्णयामागे गेला. मंडळी ही निर्दोषांची सभा की पडून उठणाऱ्यांचे आश्रयस्थान, या प्रश्नाचे उत्तर तेथे दिले गेले.

आरंभीच्या काळात गंभीर पापांचे प्रायश्चित्त सर्वांसमक्ष होत असे. पुढे धर्मगुरूपाशी एकांतात पापनिवेदन करण्याची पद्धत रूढ झाली. कॅथलिक पंथात हा एक संस्कार मानला जातो. गोव्याच्या कोकणीत त्याला ‘कुमसार’ म्हणतात, हा शब्द पोर्तुगीजांतून आलेला आहे. प्रॉटेस्टंट पंथांनी धर्मगुरूच्या मध्यस्थीऐवजी ईश्वरापाशी थेट कबुली देण्यावर भर दिला. पद्धती भिन्न असल्या तरी अपराध शब्दांत मांडलाच पाहिजे, याविषयी दोहोंत दुमत नाही.

जॉन न्यूटन : उशिरा आलेली कबुली

श्रद्धेमुळे मनुष्य एका क्षणात पालटतो, अशी समजूत धार्मिक साहित्यात पुष्कळदा आढळते. इंग्लंडमधील जॉन न्यूटन याचे चरित्र या समजुतीला छेद देणारे आहे. न्यूटनचा जन्म १७२५ साली लंडनमध्ये झाला. तो खलाशी झाला, आरमारातून पळाला, फटक्यांची शिक्षा भोगली आणि पश्चिम आफ्रिकेच्या किनाऱ्यावर गुलामांच्या एका व्यापाऱ्याकडे स्वतःच अत्यंत हलाखीत राहिला. मार्च १७४८ मध्ये परतीच्या प्रवासात त्याचे जहाज वादळात सापडले. बुडण्याच्या बेतात असलेल्या त्या जहाजावर पंप मारता मारता त्याने अनेक वर्षांनी प्रथमच ईश्वराची करुणा भाकली. तो दिवस तो पुढे जन्मभर पाळीत असे.

येथेच ही कथा थांबविली तर ती सोपी आणि सुखद वाटते. वस्तुस्थिती अशी की, या अनुभवानंतरही न्यूटन गुलामांच्या व्यापारातच राहिला. प्रथम दुय्यम अधिकारी म्हणून आणि नंतर १७५० ते १७५४ या काळात कप्तान म्हणून त्याने साखळदंडांनी जखडलेली माणसे अटलांटिकपार नेली. रविवारी तो खलाशांसाठी प्रार्थना चालवी; त्याच वेळी खाली तळघरात माणसे कोंडलेली असत. १७५४ साली त्याने समुद्र सोडला तो आजारपणामुळे, सद्सद्विवेकबुद्धीच्या टोचणीमुळे नव्हे. १७६४ साली तो धर्मगुरू झाला. ‘अमेझिंग ग्रेस’ हे त्याचे जगप्रसिद्ध गीत १७७३ च्या नववर्षदिनाच्या उपासनेसाठी लिहिले गेले असे मानतात. त्या वेळीही गुलामगिरीविरुद्ध त्याने जाहीरपणे एक शब्द उच्चारलेला नव्हता.

ती कबुली आली १७८८ साली, समुद्र सोडल्यानंतर तब्बल चौतीस वर्षांनी. त्या वर्षी प्रसिद्ध केलेल्या पुस्तिकेत त्याने जहाजांवर चालणाऱ्या अत्याचारांचे तपशीलवार वर्णन केले, आपण स्वतः त्यात सहभागी होतो हे सांगितले आणि ही कबुली फार उशिरा येत आहे हेही मान्य केले. सरकारी चौकशीपुढे त्याने साक्ष दिली. तरुण संसदसदस्य विल्यम विल्बरफोर्स १७८५ साली त्याचा सल्ला घ्यावयास आला होता. राजकारण सोडण्याच्या विचारात असलेल्या विल्बरफोर्सला न्यूटनने संसदेतच राहून काम करण्यास सांगितले. ब्रिटिश गुलाम-व्यापारावर बंदी घालणारा कायदा १८०७ च्या मार्चमध्ये संमत झाला आणि त्याच वर्षाच्या डिसेंबरात न्यूटन मरण पावला.

न्यूटनच्या चरित्रातून एक अप्रिय पण महत्त्वाचा प्रश्न उपस्थित होतो. ईश्वराने क्षमा केली असे त्याला वाटत होते, त्या सर्व काळात ज्यांच्यावर अन्याय झाला त्यांचे काय? त्याची कबुली ईश्वरापर्यंत पोहोचली होती असे मानले, तरी त्या माणसांच्या वेदनेला ती बराच काळ शिवलीही नव्हती. शुभवर्तमानातील जक्कय नावाच्या जकातदाराची कथा येथे आठवते. येशू त्याच्या घरी पाहुणा म्हणून आला, तेव्हा ज्यांना फसविले त्यांना चौपट परत करण्याचे त्याने जाहीर केले. क्षमा विकत घेण्यासाठी त्याने हे केले नाही. घरी आलेल्या पाहुण्याच्या सन्मानामुळे त्याला ते सुचले. पण भरपाईवाचून ती कथा पुरी होत नाही.

लखनौमधील एक संध्याकाळ

आता आपल्या देशातील एका उदाहरणाकडे वळू. हे अपयश गुन्ह्याचे नव्हते, सामर्थ्य संपल्याचे होते. ई. स्टॅन्ली जोन्स हा अमेरिकन मेथडिस्ट मिशनरी १९०७ साली वयाच्या तेविसाव्या वर्षी भारतात आला आणि लखनौमध्ये काम करू लागला. सुमारे साडेआठ वर्षांच्या अविश्रांत श्रमांनंतर त्याचे शरीर व मन दोन्ही खचले. अमेरिकेला परतताना जहाजावरील उपासनेत बोलत असतानाच तो कोसळला. वर्षभराच्या विश्रांतीनंतर तो पुन्हा भारताकडे निघाला. वाटेत मनिला येथे विद्यार्थ्यांपुढे व्याख्याने देताना पुन्हा तेच घडले. भारतात पोहोचल्यावर थंड हवेच्या ठिकाणी काही महिने काढावे, मैदानात उतरावे आणि पुन्हा कोसळावे, असे चक्र सुरू झाले. काम सोडून मायदेशी जावे आणि एखाद्या शेतावर राहून प्रकृती सुधारावी, याखेरीज गत्यंतर नाही, असे त्याला वाटू लागले.

या सुमारास लखनौमधील सभांच्या काळात प्रार्थना करीत असताना त्याला आलेला अनुभव त्याने १९२५ साली प्रसिद्ध झालेल्या ‘द क्राइस्ट ऑफ द इंडियन रोड’ या पुस्तकात नोंदविला आहे. ज्या कामासाठी बोलाविले त्याला तू तयार आहेस काय, असे आपल्याला विचारले जात आहे असे त्याला वाटले. आपली शक्ती संपली आहे, असे त्याने उत्तर दिले. मग तो भार तू माझ्यावर सोपवून चिंता करणे सोडून देशील काय, असा पुढचा प्रश्न होता. आणि जोन्सने ते मान्य केले. त्यानंतर त्याची प्रकृती सुधारली आणि पुढे अर्धशतकाहून अधिक काळ तो अथक काम करीत राहिला.

हा अनुभव ज्याचा त्याने मानावा किंवा न मानावा. परंतु त्यातील क्रम विचारात घेण्यासारखा आहे. सामर्थ्य परत मिळण्यापूर्वी सामर्थ्य संपल्याची कबुली दिली गेली. ख्रिस्ती विचारात ज्याला ‘कृपा’ म्हणतात तिचा हाच आशय आहे : पात्रता सिद्ध करण्याची धडपड जेथे थांबते तेथे ती स्वीकारली जाते. भक्तिपरंपरेत वाढलेल्या वाचकाला शरणागतीची ही भाषा परकी वाटू नये.

जोन्सच्या पुढील आयुष्यातील एक गोष्ट विशेष उल्लेखनीय आहे. प्रार्थनेने आपण बरे झालो असे मानणाऱ्या या मनुष्याने १९३० साली कुमाऊँमधील सातताल येथे आश्रम सुरू केला, आणि १९५० साली लखनौमध्ये ‘नूर मंझिल’ या मानसोपचार केंद्राची स्थापना केली. प्रार्थना आणि वैद्यक यांना त्याने परस्परविरोधी मानले नाही. डिसेंबर १९७१ मध्ये पक्षाघाताच्या झटक्याने त्याची वाणी व हालचाल हिरावून घेतली. हे दुसरे खचणे पूर्णपणे भरून आले नाही. तरीही अडखळत्या शब्दांत ध्वनिमुद्रण करून त्याने आपले शेवटचे पुस्तक सिद्ध केले आणि तो भारतात परतला. जानेवारी १९७३ मध्ये बरेली येथे त्याचे निधन झाले.

ऐकणाऱ्यांचा समुदाय

आधुनिक काळात या परंपरेचा एक प्रवाह चर्चच्या भिंतींबाहेर वाहत गेला. १९३५ साली अमेरिकेतील ॲक्रन या गावी बिल विल्सन हा शेअरदलाल आणि रॉबर्ट स्मिथ हा शल्यविशारद, असे दोन मद्यासक्त गृहस्थ एकत्र आले. ‘ऑक्सफर्ड ग्रुप’ या ख्रिस्ती चळवळीशी दोघांचा संबंध आलेला होता. दोष उघडपणे सांगणे, भरपाई करणे आणि दुसऱ्याला मदत करणे, या त्या चळवळीच्या शिकवणीतून ‘अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस’ ही संघटना उभी राहिली. १९३९ साली प्रसिद्ध झालेल्या तिच्या बारा पायऱ्यांत आपली हतबलता मान्य करणे, स्वतःचा निर्भीड आढावा घेणे, तो दुसऱ्या मनुष्यासमोर बोलून दाखविणे आणि ज्यांना दुखविले त्यांची, त्यांना अधिक इजा होणार नसेल तेथे, भरपाई करणे यांचा समावेश आहे. ईश्वर ज्याला जसा उमगला तसा त्याने मानावा, अशी मोकळीक असल्यामुळे ही संघटना कोणत्याही एका धर्माची राहिली नाही. तथापि विस्तवाशेजारच्या त्या तीन प्रश्नांची आठवण देणारा क्रम तीत दिसतो.

महाराष्ट्रात याच वाटेने चाललेले एक कार्य मुंबईतील वांद्रे येथे १९८१ साली सुरू झाले. फादर जो परेरा या कॅथलिक धर्मगुरूंनी स्थापन केलेल्या ‘कृपा फाउंडेशन’ने व्यसनमुक्तीसाठी बारा पायऱ्यांना योगाभ्यासाची जोड दिली. फादर परेरा हे पुण्याच्या बी. के. एस. अय्यंगार यांचे शिष्य. संस्थेच्या नावातील ‘कृपा’ हा शब्द ख्रिस्ती आणि भारतीय अशा दोन्ही परंपरांत सारखाच घरचा आहे.

मर्यादांविषयी

या विचारातील धोक्यांचाही निर्देश केला पाहिजे. पहिला धोका स्वस्त क्षमेचा. अपराध करावा, अश्रू ढाळावे आणि ज्याच्यावर अन्याय झाला त्यानेच आता विसरून जावे असा आग्रह धरावा, हे पेत्राच्या कथेला धरून नाही. क्षमा मागण्याचा अधिकार अपराध्याला असेल. ती वसूल करण्याचा नाही.

दुसरा धोका याच्या उलट आहे. ज्यांचा काही अपराध नाही त्यांच्यावरच अपराधाची भावना लादली जाते. पंडिता रमाबाईंनी केडगाव येथील आपल्या मुक्ती मिशनमध्ये ‘कृपासदन’ हा स्वतंत्र विभाग काढला, तो समाजाने पतित ठरविलेल्या स्त्रियांसाठी. अशा स्त्रियांचे पतन म्हणून जे सांगितले जाई ते पुष्कळदा दुसऱ्या कोणाच्या तरी पापाचे फळ असे. दोष आणि लाज यांत भेद न करणारी कोणतीही शिकवण, मग ती कोणत्याही धर्माच्या नावाने येवो, माणसाला उठविण्याऐवजी अधिकच खाली दाबते. त्याचप्रमाणे जोन्सच्या उदाहरणावरून दिसते की, मनाचा आजार हा श्रद्धेच्या अभावाचा पुरावा नव्हे. वैद्याकडे जाणे हेही ऐकणाऱ्याकडे जाणेच आहे.

या मर्यादा ध्यानात ठेवूनही या अनुभवातून सर्वांनी घ्यावे असे काही उरतेच. अपयशी मनुष्याला एकटे सोडले तर त्याची खंत त्याला गिळून टाकते, आणि त्याची चूक झाकून त्याचे कौतुक केले तर तो तेथेच राहतो. त्याची कबुली शांतपणे ऐकून घ्यावी, नुकसान भरून काढण्याची वाट दाखवावी आणि एखादे काम विश्वासाने त्याच्या हाती द्यावे, एवढे मात्र करता येते. गालीलच्या काठी पेत्राला जे मिळाले ते यापेक्षा फारसे वेगळे नव्हते : पेटलेला विस्तव, पोटभर न्याहारी, तीन अवघड प्रश्न आणि उद्यापासून करावयाचे काम.